आपल्याच वाळूत पाहुणी

अल धैद
१२ जानेवारी

अफरा,

हे पत्र सैफच्या हाती देते आहे. तो शेळ्या आणायला सीमेपलीकडे तुमच्या इब्रीला निघालाच आहे. त्याच्या ट्रकमध्ये येताना शेळ्या असतात, जाताना पत्र जाऊ दे. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. लग्नाआधी आपण दोघी प्रौढांच्या वर्गात शेजारी बसून लिहायला शिकलो, तेव्हा माझ्या चुका तू बाईंना दाखवायचीस. आताही खुशाल काढ चुका, पण वाच.

सांगायचं असं की मी डेझर्ट सफारीला जाऊन आले. पर्यटक म्हणून, मनगटाला कागदी पट्टा बांधून. मदाम गावाच्या पुढच्या त्याच लाल टेकड्या, जिथं बाबा आपल्याला उंटिणींमागे पिटाळायचे. हसू आलं तर हस, हिलालला सांगून त्यालाही हसव.

माझ्या ओबैदचे सासू-सासरे इजिप्तच्या मन्सूराहून आले आहेत. त्यांचं नाव वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, पडू देत. नरमीनची आई सौसन बोलकी बाई आहे. मला म्हणाली, "हज्जा, उंच इमारत बघून झाली, मॉल बघून झाले. आता वाळवंट दाखवा."

मी म्हटलं, "खिडकी उघडा, दिसेल."

"तसलं नव्हे हो. सफारीचं."

म्हणजे वाळवंटातही आता दोन जाती झाल्या. एक सफारीचं आणि एक आपलं.

दुपारच्या नमाजानंतर गाडी दारात आली. चालवायला मुलगी होती. सौसनला परक्या पुरुषाच्या गाडीत टेकड्यांवरून आपटायचं नव्हतं, म्हणून मुद्दाम मुलगी मागवली, असं मला सांगण्यात आलं. डोक्यावर टोपी, नाकातोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. फार बोलली नाही. वाळूत रुतू नये म्हणून पेट्रोल पंपावर चाकांतली हवा तिनंच सोडली, खाली वाकून, कुणाची मदत न घेता. चालवते चांगली.

आणि मी ओकले. उंटावर बसल्या बसल्या झोप काढणारी मी, पहिल्या टेकडीला देवाचं नाव घेतलं आणि दुसरीला पोटातलं सगळं बाहेर काढलं. नरमीनचे वडील, वजदीसाहेब, भूगोलाचे मास्तर होते. माझी ओकारी थांबेपर्यंत ते शेजारी उभे राहून वारा वाळूच्या टेकड्या कसा सरकवतो ते मला समजावत होते. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता.

मग तळावर गेलो. सतरंज्या, लोड, बुटकी मेजं, उंटावरून एक फेरी, हातमोज्यावर ससाणा बसवून फोटो. मी माझा रोजचा अबाया घालून, नाकावर रोजची बुरख्याची सोनेरी पट्टी लावून बसले होते. एक रशियन बाई आली आणि माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेली. मग तिची मैत्रीण आली. मग रांगच लागली. तिथला व्यवस्थापक धावत आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आजी, तुमची जागा तिकडे, मेंदीच्या तंबूत."

ओबैद लालबुंद झाला. "माझी आई आहे ती. पैसे भरून आली आहे."

मी म्हटलं, "राहू दे रे. तंबूत वारा लागणार नाही." आणि जाऊन बसले. मेंदी काढणारी बाई कराचीची होती, तिनं मला चहा दिला आणि जरा सरकून बसायला सांगितलं, तिच्या गिऱ्हाइकांना जागा हवी होती.

जेवणाआधी घेरदार झग्याचा मिसरी नाच झाला. गिरक्या घेणारा तो माणूस कुठला निघावा? तल्ख्याचा. मन्सूराच्या समोर, नदीपलीकडे. वजदीसाहेबांनी नाच संपल्यावर त्याला धरलं आणि दोघं त्यांच्या गावच्या पुलाबद्दल तासभर बोलत बसले. सौसन मला म्हणाली, "बघा हज्जा, एवढं विमानाचं भाडं भरून आले आणि बघितला कोण, तर पलीकडच्या काठचा पोरगा."

खूप दिवसांनी पोट धरून हसले. तू असायला हवी होतीस.

तुझी मैथा कशी आहे? अजून त्या विम्याच्या कचेरीतच आहे का? सहज विचारते.

कलथम


अल धैद
३० जानेवारी

अफरा,

तुझी चिठ्ठी मिळाली. सैफ म्हणाला, तू त्याला दारात उभं ठेवून उभ्या उभ्या लिहिलीस. अक्षरावरून दिसतंच आहे.

मैथाचं ठरवते आहेस. हिलालच्या चुलतभावाशी, सुलैमशी. बायको वारली, मुलं हाताशी आली, माणूस शांत आहे, घर मोठं आहे. रमजानच्या आधी उरकायचं, नोकरी सोडायला तिला कळवलं आहे. आणि शेवटची ओळ: "तुझ्या मुलानं नाकारलेली मुलगी आणखी किती वर्षं लोकांच्या नजरेसमोर ठेवू?"

ही ओळ मी स्वयंपाकघरात वाचली. तव्यावरची रोटी करपली ते मला नरमीननं ओरडून सांगितल्यावर कळलं.

सुलैमला मी ओळखते. वाईट माणूस नाही. पण अफरा, तुझ्या चिठ्ठीत सुलैमचं म्हणणं आहे, हिलालचं आहे, सुलैमच्या मुलांचंसुद्धा आहे. मैथा काय म्हणाली ते नाही. जागा पुरली नाही की विचारलंच नाहीस?

आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, हे तू म्हणशील. खरं आहे. तुझी पाठवणी मला कालच्यासारखी दिसते. हिलालच्या काकांची गाडी सुरू झाली होती आणि तू माझ्या ओढणीचं टोक सोडत नव्हतीस. शेवटी आईनं तुझी बोटं एकेक करून सोडवली. हिलाल पुढे चांगला नवरा निघाला, मी कधी नाही म्हटलं नाही. पण त्या दिवशी गाडीत बसताना तुला ते ठाऊक नव्हतं ना?

आता माझं सांगते. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण सगळं लिहिलं नाही. त्या सफारीत मला एक गोष्ट कळली आणि ती कुणाला सांगणार नाही असं मी कबूल करून बसले. गोष्ट माझी नाही. जिची आहे तिला आज फोन करणार आहे आणि तुझी चिठ्ठी वाचून दाखवणार आहे. ती हो म्हणाली तर पुढचं पत्र सैफबरोबर येईल. तोवर तारीख ठरवू नकोस. सुलैमला सांग, मुलीची मावशी आजारी आहे. ओकण्याचं मी तुला लिहिलंच आहे, तेव्हा तेही अगदी खोटं नाही.

रागावून हे पत्र फाडलंस तरी एवढं कर.

कलथम


अल धैद
५ फेब्रुवारी

अफरा,

बसून वाच. हिलाल घरात असेल तर मागच्या अंगणात जा.

ती गाडी चालवणारी मुलगी मैथा होती.

विम्याच्या कचेरीत ती पहिले काही महिनेच होती. मग तिनं वाळूत गाडी चालवण्याची परीक्षा दिली, परवाना काढला, आणि आता दोन वर्षं झाली, पर्यटकांना टेकड्यांवर नेते आहे. त्या कंपनीत ती एकटीच बाई. शारजात तिच्या आत्याकडे राहते हे तुला माहीत आहे. आत्याला वाटतं, कंपनीची मोठी गाडी तिला घरी सोडायला येते. सोडायला कुणी येत नाही. तीच चालवत येते.

मी तिला गाडीत ओळखलं नाही. शेवटची पाहिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हाडकुळी, मान खाली घालून चहा आणणारी. मी ओकायला खाली उतरले तेव्हा तीही उतरली. एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं माझा बुरखा वर घेतला. मला लाज वाटून रडू यायला लागलं, तशी ती म्हणाली, "आधी तोंड धू, मग रड."

अफरा, आवाज तुझा होता. शब्द नव्हे, आवाज. मी मान वर करून तिचा चष्मा काढला. तिनं काढू दिला.

"मैथा?"

"हळू बोल, खाला. मागे वजदीसाहेब आहेत."

तळावर सगळे नाच बघायला बसले तेव्हा मी मेंदीच्या तंबूतून उठले आणि गाड्या लावल्या होत्या तिकडे गेले. ती चाकाला टेकून वाळूत बसली होती, पाव खात होती. मी शेजारी बसले. आधी मी तिला रागावले, हे तुला कळायला हवं. म्हटलं, आई तिकडे काय समजते आणि तू इकडे काय करतेस. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खाला, मी तुला बघायला आले. ओबैदला मीच म्हटलं होतं, एकदा खालाला माझ्या गाडीत बसव. रुमाल काढणार नव्हते. नुसतं आरशातून बघणार होते."

"ओबैदला? तू ओबैदशी बोलतेस?"

"पहिल्यापासून."

मला काही समजेना. ज्यानं नाकारलं त्याच्याशी ही बोलते. मी तसं म्हटलं, तेव्हा तिनं हातातला पाव खाली ठेवला.

"त्यानं नाही नाकारलं. मी नाकारलं."

आता तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मी बदललं तर तुला वाटेल, मी माझ्या मुलाची बाजू घेते आहे. ती म्हणाली, "तुम्ही दोघी कपडे खरेदी करत होतात तेव्हा मी ओबैदला फोन केला. म्हटलं, मला तू भावासारखा आहेस, मला हे लग्न नको. पण मी नाही म्हटलं तर बाबा मला पुन्हा उंबऱ्याबाहेर पाठवणार नाहीत. तू म्हण. तुला पुरुष म्हणून चार दिवस बोलतील आणि सोडून देतील. तो मग म्हणाला, बरं. एवढंच. मला वाटलं होतं, चार दिवसांची गोष्ट आहे. तुम्ही दोघी बोलणं टाकाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

नरमीन त्या वेळी ओबैदला भेटलीसुद्धा नव्हती. पुढच्या वर्षी भेटली. आणि आपण सगळ्यांनी, तू तिकडे आणि मी इकडे, हेच धरून चाललो की मिसरी मुलीसाठी त्यानं मावशीची मुलगी टाकली. नरमीनला सगळं ठाऊक होतं, अफरा. लग्नाआधीच ओबैदनं तिला सांगितलं होतं. इतकी वर्षं आपल्या बायका तिच्या तोंडावर टोमणे मारत आल्या आणि तिनं एक अवाक्षर काढलं नाही.

घरी येताना पाहुणे पेंगायला लागले तेव्हा मी ओबैदला मागच्या जागेवर माझ्याजवळ बसवून घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"यम्मा, तुझ्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी अफरा खालाला कळलं असतं. तिसऱ्या दिवशी हिलालकाकांना."

"आणि मी तुला इतकं बोलले तेव्हा?"

"बोलून झाल्यावर जेवायला वाढायचीस ना," तो म्हणाला. पुढं मैथा गाडी चालवत होती, तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, पाठीमागून कळलं नाही.

मी तिला वचन दिलं की तुला कळवणार नाही. म्हणून पहिलं पत्र तसं लिहिलं. लिहायला बसले ते खरं तर हेच सांगायला, आणि सगळं सांगून हेच गाळलं. शेवटी मैथाची चौकशी केली ती त्या वचनाच्या कडेला उभी राहून.

मागचं पत्र दिलं त्याच दिवशी तुझी चिठ्ठी तिला फोनवर वाचून दाखवली. सुलैमचं तिला कळलेलं होतंच. तू नोकरी सोडायला सांगितलंस आणि ती "बरं आई" म्हणाली, खरं ना? त्या "बरं आई"नंतर ती कामावर गेली, दोन फेऱ्या केल्या आणि गाडीत बसून राहिली. मी विचारलं, "तुला सुलैम नको की लग्नच नको?"

म्हणाली, "मला विचारणारा कुणी हवा, खाला. आधी विचारू दे, मग सांगते."

मी म्हटलं, "आईला सांगू का?"

ती म्हणाली, "सांग. मागच्या वेळी मी दुसऱ्याच्या तोंडून नाही म्हटलं आणि तुमचं घर मोडलं. पण आताही माझ्या तोंडून निघत नाही. तू एवढं लिही की मी चोरी करत नाहीये. गाडी चालवते. बाबांना सांगायचं तर मी स्वतः सांगेन, फक्त आई तिथं हवी."

म्हणून लिहिते आहे. तू रागावशील, आणि तुझा राग रास्त आहे. तुझ्याशी खोटं बोललं गेलं, सगळ्यांत जास्त तुझ्याशीच. मी तुला तिला माफ कर म्हणत नाही. मी फक्त म्हणते की सुलैमला होकार कळवण्याआधी एकदा तिच्यासमोर उभी राहा. ती रोज दुपारी मदामच्या वळणावरच्या पेट्रोल पंपावर थांबते, चाकांतली हवा सोडायला.

मला तुझी आठवण येते. हे वाक्य खोडणार होते, राहू देते.

कलथम


अल धैद
२२ फेब्रुवारी

अफरा,

सैफ सांगून गेला की तू सुखरूप घरी पोचलीस आणि इकडे येताना सीमेवर शेळ्यांचे कागद तपासायला वेळ लागला तेव्हा तू त्या शिपायाला झापलंस. तब्येत ठीक आहे म्हणायची.

तू येणार हे तू मला कळवलं नाहीस. संध्याकाळी दार वाजलं, मी उघडलं, तर तू, चपलांत लाल वाळू घेऊन. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "आत घेतेस की मेंदीच्या तंबूत बसू?" त्यानंतर आपण काय बोललो ते लिहायची गरज नाही. नरमीननं आणलेल्या पहिल्या चहाला तू हात लावला नाहीस, दुसरा घेतलास आणि तिला "साखर कमी टाक, पोरी" म्हणालीस. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, तुला माहीत नसेल. तिच्या आईला आज फोनवर सांगत होती, खालानं मला पोरी म्हटलं.

हिलाल तुझ्याशी बोलत नाही हे सैफनं सांगितलं. सुलैमला नकार तू स्वतः कळवलास, हिलालला न विचारता, हे त्याला लागलं असणार. मैथा पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे येते आहे. ओबैद सोडायला येतो म्हणाला, पण ती नको म्हणाली, स्वतः चालवत येणार आहे, तुमच्या दारात, बापासमोर गाडी उभी करणार आहे. मला भीती वाटते. तिलाही वाटते. हिलाल काय करेल सांगता येत नाही. तू तिथं राहा, एवढंच. तो ओरडला तर ओरडू दे, पण मधे तू उभी राहा.

आता एक गोष्ट, जी तू मला सांगितली नाहीस आणि मैथानं सांगितली.

तू सैफच्या ट्रकमधून पेट्रोल पंपावर उतरलीस. ती चाकाजवळ वाकली होती. तुला पाहून तिच्या हातातलं हवा सोडायचं अवजार खाली पडलं. मागच्या जागांवर एक चिनी कुटुंब होतं, पुढची जागा रिकामी होती. तू एक शब्द न बोलता दार उघडून तिथं बसलीस आणि पट्टा बांधायला लागलीस. तो तुला जमेना, तिनं बांधून दिला.

ती म्हणते, पंपापासून वाळूपर्यंत तिच्या हातून गाडी दोनदा बंद पडली. मागून ते लोक विचारत होते, काही बिघाड आहे का. तू सरळ समोर बघत होतीस, ओठ घट्ट मिटून. पहिली टेकडी तिनं हळू घेतली, दुसरी त्याहून हळू, तू ओकशील म्हणून, नाहीतर काही बोलशील म्हणून. तू ओकली नाहीस आणि बोललीही नाहीस. मग ती मोठी टेकडी आली, जिथं चढताना समोर नुसतं आभाळ दिसतं आणि खाली उतरताना पोट मागे राहतं. मागची मुलं किंचाळली. तू दोन्ही हातांनी बसायची जागा धरली होतीस. खाली आल्यावर तिनं गाडी थांबवली आणि तुझ्याकडे बघितलं नाही. वाट बघत होती, आता आई उतरेल, दार आपटेल.

तू पुढच्या काचेतून बघत म्हणालीस, "अजून एकदा घे."

मैथा म्हणते, तिनं नाही घेतली. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. तिनं चष्मा पुसला, मागं वळून त्या लोकांना सांगितलं की सूर्यास्ताचे फोटो इथूनच सगळ्यांत चांगले येतात, आणि ते सगळे फोटो काढून परत येईपर्यंत तुम्ही दोघी गाडीत तशाच बसून राहिलात.

तुझी,
कलथम